जिन्याखालच्या मीटरांचा पहारा

वीज कंपनीचं पत्रक इमारतीच्या सूचनाफलकावर सोमवारी सकाळी लागलं. सर्व ग्राहकांचे जुने मीटर काढून त्या जागी स्मार्ट मीटर बसवणं बंधनकारक आहे, असं त्यात नमूद केलं होतं. योजना पूर्णपणे ऐच्छिक होती. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी ती तीस दिवसांच्या आत निर्माण करावी, अशी सवलतही दिली होती. खाली सही होती, सहीवर शिक्का होता आणि शिक्का खरा असल्याबद्दल आणखी एक सही होती.

चोवीस घरांच्या त्या इमारतीत हे पत्रक सगळ्यात आधी वाचलं ते नऊ नंबरच्या कवळीकाकांनी. त्यातल्या ‘दर अर्ध्या तासाचा वीजवापर कंपनीस आपोआप कळेल’ या ओळीपाशी ते थांबले. ती ओळ त्यांनी चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. दोन्ही वेळा अर्थ तोच निघाला. जिने चढून ते घरी आले आणि कुणाशी न बोलता मागच्या खोलीत टाकीजवळ जाऊन बसले.

या टाकीबद्दल आधी सांगायला हवं. कवळीकाकांनी चाळीस वर्षं एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवल्या आणि मग ते रीतसर निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, फोटो निघाला. तेव्हापासून ते घरी बसून पेपर वाचतात, अशी इमारतीची समजूत होती. प्रत्यक्षात पेपर काकू वाचत. काका मागच्या खोलीत कवळ्याच बनवत. कवळीचा गुलाबी मसाला साच्यात घट्ट दाबायचा आणि तो साचा ठराविक गरम पाण्याच्या टाकीत सहा-सात तास ठेवायचा, असं ते काम. पाण्याला उकळी फुटली की मसाल्यात बुडबुडे राहतात आणि मग समोरचा माणूस पाहुण्यांदेखत हसता हसता थबकतो. म्हणून टाकीत हीटर, हीटरला तापमापक आणि तापमापकासमोर स्टुलावर काका.

गिऱ्हाइकं टळटळीत दुपारी येत, तोंडावर रुमाल धरून. प्रत्येक जण म्हणे, “काका, फक्त तुम्हालाच सांगतोय हं.” काका मान डोलवत. इमारतीतल्याच अकरा जणांनी त्यांना असं फक्त त्यांनाच सांगितलं होतं. त्यातलं एकही नाव काकांनी कधी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की काकू स्वतःहून गॅलरीत जाऊन समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहत. तेवढ्या एका गोष्टीत त्या नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

“अहो, असे काय बसलात? कुणी कवळी परत केली का?” काकूंनी दारातून विचारलं.

“मीटर बदलणारेत. नव्या मीटरला सगळं कळतं म्हणे.”

“सगळं म्हणजे?”

“रोज अकरा ते पाच ही टाकी चालू असते, हे कळेल. मग त्यांचा माणूस येईल. हे घरगुती कनेक्शन, इथे धंदा कसला चालतो म्हणेल. चार माणसं दारात गोळा होतील. इथे कोण कोण येतं, कशाला येतं, सगळं बाहेर पडेल. या वयात टाकी बंद पडली तर मी करू काय?”

“पेपर वाचा,” काकू म्हणाल्या. मग त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला आणि त्यांनी गुपचूप चहाचं आधण ठेवलं.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये रहिवाशांची सभा भरली. पुढाकार सतरा नंबरच्या मापाड्याचा. मापाड्या म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदारांच्या तराजूंना शिक्के मारण्यात त्यांची हयात गेली होती आणि अजूनही ते आणलेली भाजी घरी पुन्हा मोजत. सभेत ते म्हणाले की, आपण मोजायचं की मोजून घ्यायचं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यावर टाळ्या पडल्या.

मग कवळीकाका उठले. आयुष्यात ते कधी सभेत बोलले नव्हते; पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर टाकी होती.

“आज हे यंत्र विचारतंय, इस्त्री किती वेळ केलीत,” काका म्हणाले. “उद्या विचारेल, कुणाच्या कपड्यांना केलीत! माणसाचं घर म्हणजे काय? जिथे कुणी डोकावत नाही, ती जागा. आपण उठतो कधी, झोपतो कधी, आपल्याकडे येतं कोण, हे दुसऱ्याने का मोजावं?”

एकवीस नंबरच्या सूरताई गाण्याचे क्लास घेत. त्यांनी तर डोळ्यांना पदर लावला. लगोलग ‘सक्तीविरोधी रहिवासी समिती’ स्थापन झाली. तिचं सभासदत्व सगळ्यांना सक्तीचं ठेवण्यात आलं. अध्यक्ष कवळीकाका, सचिव मापाड्या.

पहिला ठराव पहाऱ्याचा झाला. जिन्याखालच्या खोलीत चोवीस जुने मीटर दोन रांगांत टांगलेले होते. काचेआड प्रत्येकाची ती पातळ तबकडी गरगर फिरे. कंपनीची माणसं मागल्या दाराने येऊन मीटर बदलून जातील, म्हणून तिथे खुर्ची टाकून सकाळी दहा ते पाच पाळीपाळीने बसायचं ठरलं. पाचनंतर पहाऱ्याची गरज नव्हती. कंपनीची माणसं कचेरीची वेळ संपल्यावर अन्यायही करत नसत.

आता, माणूस दोन तास चोवीस मीटरांसमोर नुसता बसला, की तो करणार काय? तिसऱ्या दिवशी मापाड्यांनी वही आणली.

“कंपनी म्हणणार, तुमचे जुने मीटर हळू चालतात,” ते म्हणाले. “आपल्याकडे पुरावा हवा. पाळीवर असेल त्याने दर तासाला चोवीस घरांचे आकडे लिहायचे.”

“पण आपला विरोध नेमका यालाच आहे ना?” काकांनी चाचरत विचारलं.

“छे! ते बाहेरचे. हे आपण आपल्या माणसांनी आपल्या माणसांचं लिहायचं. यात गैर काय?”

काकांनी वहीच्या पहिल्या पानावर अध्यक्ष म्हणून सही केली.

आठवडाभरात मापाड्यांच्या लक्षात आलं की, नुसत्या आकड्यांना अर्थ नाही. घरात काय चालू होतं, तेही कळायला हवं. म्हणून ‘नमुना क’ निघाला. इस्त्री, गिझर, मिक्सर यांपैकी काहीही लावण्यापूर्वी प्रत्येकाने पहारेकऱ्याकडे चिठ्ठी द्यायची. मग कळलं की लोक चिठ्ठीत एक लिहितात आणि तबकडी दुसरंच सांगते. म्हणून ‘नमुना ख’ निघाला, प्रत्यक्ष काय लावलं त्याचा. दोन्हींत तफावत आली तर ‘नमुना ग’, खुलाशाचा. कंपनीचं यंत्र अर्ध्या तासाने मोजतं, मग आपण तासातासाने मोजून मागे का राहावं, असा मुद्दा सूरताईंनी मांडला. तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी आकडे घेण्यात येऊ लागले.

इमारतीला एकदम जाग आली. जिथे लोक एकमेकांना नुसते हात करत, तिथे आता जिन्यात थांबून बोलू लागले.

“दोन नंबरात केस वाळवायचं यंत्र वीस मिनिटं चालू होतं, बरं का.”

“दोन नंबरात? अहो, त्या गृहस्थांच्या डोक्याचं मैदान झालंय.”

“तेच तर म्हणते मी! मग कुणाचे केस?”

दोन नंबरच्या गृहस्थांनी नमुना ग मध्ये लिहून दिलं की, मांजराला आंघोळ घातली होती. समितीने दोघांना पाठवून मांजर आहे की नाही, याची खातरजमा केली. मांजर निघालं, पण ते कोरडं होतं. प्रकरण पुढील चौकशीसाठी खुलं ठेवण्यात आलं.

या सगळ्यात कवळीकाकांची मात्र पाचावर धारण बसली होती. त्यांची तबकडी अकरा वाजले की भोवऱ्यासारखी फिरे. आपल्या पाळीत ते नऊ नंबरपुढे निम्माच आकडा लिहीत. पण पाळी आठवड्यातून एकदाच येई. महिनाअखेरीच्या सभेत मापाड्यांनी भिंतीवर भलामोठा आलेख लावला. चोवीस रेषांपैकी तेवीस रेषा गवतासारख्या जमिनीलगत होत्या. एक ताडासारखी वर गेली होती.

“घर क्रमांक नऊ,” मापाड्या म्हणाले. “अध्यक्षांनी अध्यक्षांना खुलासा द्यावा, अशी सचिवांची विनंती आहे.”

काकांनी नमुना ग भरला. कारणाच्या रकान्यात सुचलं ते लिहिलं: पत्नीच्या कंबरेस गरम पाण्याचा शेक.

मापाड्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. “रोज सहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस. काका, एवढ्या शेकात कंबर शिजेल हो.”

खातरजमेसाठी तिघांचं शिष्टमंडळ त्याच पावली नऊ नंबरात गेलं. त्या वेळी काकू पलंगावर टेबल, टेबलावर स्टूल, अशा चढून पंखा पुसत होत्या.

“वहिनी, कंबर कशी आहे?” सूरताईंनी विचारलं.

“कंबरेला काय धाड भरलीय!” काकू वरूनच म्हणाल्या आणि मग त्यांना दारात नवऱ्याचे जोडलेले हात दिसले. “म्हणजे, होती भरलेली. आत्ताच उतरली.”

पण शिष्टमंडळ तोवर मागच्या खोलीत शिरलं होतं. टाकीतून वाफ येत होती. वरच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीने घराचा नंबर होता. माणसाला गर्दीत स्वतःचा नंबर चटकन दिसतो. मापाड्यांना सतरा दिसला. सूरताईंना एकवीस दिसला. तिसऱ्या सभासदालाही काहीतरी दिसलं असावं, कारण तिघांचेही हात एकाच वेळी आपापल्या तोंडावर गेले. तेवढ्यात काकूंनी स्टुलावरून उडी टाकून फळीवर चादर ओढली. उडी अशी होती की, कंबरेबद्दल शंकेला जागा राहिली नाही.

मापाड्यांनी घसा खाकरला. “नोंद घ्या,” ते म्हणाले. “कंबरेस उतार पडत आहे.”

काकांना वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी मापाड्या एकटेच आले आणि स्टूल ओढून बसले.

“काका, टाकी चालवा. माझी ना नाही. फक्त वहीत मेळ बसला पाहिजे. मी नमुना घ केलाय. टाकीत कुणाची कवळी, वरची की खालची, किती तास, एवढंच लिहायचं. माझी सोडून.”

“ते मला जमणार नाही.”

“अहो, बाहेर कुठे जातंय ते? आपली वही, आपली माणसं.”

“मापाडे, तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा तुमच्या तोंडात समोरचे दोन दात होते आणि तेही हलत होते. आजवर कुणाला कळलं?”

मापाड्या जरा वरमले. पण माणूस शिक्के मारण्यात मुरलेला. “सात दिवस देतो,” ते उठता उठता म्हणाले. “नाहीतर समितीला हीटरवर सील लावावं लागेल. नियम तुमच्याच सहीचा आहे.”

संध्याकाळी सूरताई आल्या. त्यांनाही नमुना घ रास्त वाटत होता, त्यांचं स्वतःचं सोडून. त्यानंतर तिसरा सभासद आला. सगळ्यांचं म्हणणं एकच: माझं झाकून ठेवा आणि बाकीचे कोण ते हळूच सांगा.

“काय करणार आता?” काकूंनी विचारलं.

काकांनी टाकीवर झाकण ठेवलं. “मी वीज कंपनीत जातो,” ते म्हणाले.

कंपनीच्या कचेरीत तिसऱ्या टेबलावर एक तरुण उपअभियंता बाई बसल्या होत्या. काकांनी आवाज उतरवून सांगितलं, “मला स्मार्ट मीटर हवाय. पण कृपा करून आमच्या इमारतीत कुणाला कळू देऊ नका.”

बाईंनी इमारतीचा पत्ता विचारला, ड्रॉवरमधून एक फाईल काढली आणि पानं मोजली. “तुमचा चोविसावा,” त्या म्हणाल्या.

“काय चोविसावा?”

“अर्ज. तुमच्या इमारतीतून. प्रत्येकाने हेच सांगितलंय, कुणाला कळू देऊ नका.”

काकांनी टेबलाचा कोपरा धरला. “पहिला कुणाचा होता?”

“नाव सांगता येत नाही, काका. पण अर्जाला आलेख जोडलेला होता.”

मग काकांनी टाकीबद्दल सगळं सांगून टाकलं. बाईंनी अर्धं ऐकून दुसरा कागद पुढे केला. घरातून छोटं काम करणाऱ्यांसाठी वेगळा दर होता, तो थोडा जास्त होता, सही कुठे करायची तिथे फुली मारलेली होती. ज्या गोष्टीच्या धास्तीने काकांना महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं, ती गोष्ट दीड मिनिटात आटपली.

“आणि माझा वापर दर अर्ध्या तासाला तुमच्याकडे येईल तो?”

“येईल की. पण बघणार कोण? चार माणसांच्या जागा रिकाम्या आहेत.”

“आणि दात कुणाचे, ते?”

बाईंनी कागद उलटसुलट केला. “त्याला रकाना नाही,” त्या म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रकाना नसलेला कागद त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदाच पाहिला होता.

अडचण एकच होती. मीटर बसवायला माणूस आला तर दारात पहारा. त्यावर बाईंकडे तोडगा तयार होता. आधीच्या तेवीस जणांनी तो त्यांना शिकवला होता. प्रत्येकाने आपल्या पहाऱ्याच्या पाळीत आपला मीटर बदलून घ्यायचा आणि वर जुन्या मीटरचं खोकं काचेसकट तसंच बसवायचं. त्याप्रमाणे काकांनी आपल्या पाळीत दार आतून लावून घेतलं. कंपनीच्या माणसाने वीस मिनिटांत नऊ नंबर उरकला, नवा मीटर पोकळ केलेल्या खोक्याआड दडवला आणि तो घाम पुसत म्हणाला, “सुटलो. तुमच्या इमारतीतला हा शेवटचा.”

तो गेल्यावर काकांनी दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. चोवीस तबकड्या ठार उभ्या होत्या.

सातव्या दिवशी मापाड्या लाखेची कांडी आणि शिक्का घेऊन मीटरच्या खोलीत आले. काका तिथे आधीच उभे होते. मापाड्यांनी नऊ नंबरच्या मीटरकडे पाहिलं. तबकडी हलत नव्हती. वर मागच्या खोलीत मात्र टाकीतलं पाणी ढवळणारी मोटार गुरगुरत होती आणि तिचा आवाज जिन्यातून खाली ऐकू येत होता.

“टाकी बंद ठेवलेली दिसतेय,” मापाड्या सावकाश म्हणाले.

काकांनी सतरा नंबरच्या मीटरकडे मान वळवली. “तुमच्याकडेही सगळं शांत दिसतंय.”

मग मापाड्यांनी लाख खिशात टाकली, वही उघडली आणि नऊ नंबरपुढे एक आकडा लिहिला. आकडा चांगला भरीव होता.

“हा कुठून आणलात?” काकांनी विचारलं.

“वही कोरी ठेवता येत नाही, काका. कोरी दिसली की लोक विचारतात.”

हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. पाळीवरचा प्रत्येक जण उभ्या तबकड्यांसमोर बसून दर पंधरा मिनिटांनी चोवीस आकडे लिहीत होता. तबकडी फिरत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याची स्वतःचीही फिरत नव्हती. मग ज्याला जे वाटे ते तो लिही. दोन नंबरापुढे केसांचं यंत्र रोज तीन तास चालू लागलं. एकट्या राहणाऱ्या सूरताईंच्या घरी दोन माणसांचं आंघोळीचं पाणी तापू लागलं, पुढे तीन माणसांचं. मापाड्यांच्या फ्रिजचं दार, कुणी लिहिलं कोण जाणे, सकाळपासून उघडंच होतं. कवळीकाकांना कुणाबद्दल काही वाटायची सवय नव्हती. ते आपल्या पाळीत सगळ्यांपुढे सारखाच आकडा लिहीत. तेवढी पानं मापाड्या संशयास्पद म्हणून दुमडून ठेवत. आलेख मात्र एवढा देखणा कधीच झाला नव्हता.

दोन महिन्यांनी बिलं आली. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली होती. जिन्याखालच्या खोलीत रेंज नसल्याने स्मार्ट मीटरांशी संपर्क होऊ शकला नव्हता. मात्र रहिवाशांनी विरोधासाठी दर पंधरा मिनिटांनी ठेवलेली वही त्यांच्याच सचिवांकडून प्राप्त झाली असून, इतकी बारीक माहिती कंपनीच्या कोणत्याही यंत्राकडून आजवर मिळालेली नाही. सबब सदर बिलं शेजाऱ्यांच्या नोंदींवरून काढली आहेत.

पार्किंगमध्ये चोवीस कुटुंबं आपापलं बिल छातीशी धरून उभी राहिली. तक्रारीची सोय होती. तक्रारअर्जात दोनच रकाने होते: आपल्याविषयीची कोणती नोंद खोटी आहे, आणि खरी काय आहे. दोन नंबरच्या गृहस्थांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा विचार केला आणि परत लावलं. सूरताईंनी पेनच काढलं नाही.

“भरूया झालं,” मापाड्या म्हणाले. “तत्त्वासाठी थोडी झळ सोसावीच लागते.”

कवळीकाकांनीही भरलं. टाकी अकरा ते पाच चालू राहिली, दुपारी रुमाल येत-जात राहिले, काकू गॅलरीत जाऊन भिंत बघत राहिल्या. बिलाकडे पाहून त्या एवढंच म्हणाल्या, “एवढ्यात तर अख्ख्या गावाच्या बत्तिश्या शिजल्या असत्या.”

पद्धत किफायतशीर ठरल्यामुळे कंपनीने ती आता सगळीकडे लागू केली आहे. आपल्या जिन्याखाली कुणी वही घेऊन बसलेलं नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. वहीची गरजच पडत नाही, असं कंपनीच्या अनुभवास आलं आहे. त्यांचा माणूस नुसती बेल वाजवतो आणि फक्त शेजारच्या घराविषयी विचारतो. गेल्या महिन्यात तो तुमच्याकडे आला होता. तो दारातूनच विचारून निघणार होता. तुम्हीच त्याला आत बसवलंत, पंखा लावलात, दार लोटून घेतलंत आणि पाऊण तास उठू दिलं नाहीत.